खुंटीवरची तूरडाळ

आमच्या वर्तमानपत्राच्या फोटो विभागात कॅमेऱ्यांच्या कपाटाशेजारी एक खुंटी होती आणि त्या खुंटीला कापडी पिशवीत तूरडाळ टांगलेली होती. तीन किलोंच्या जरा वर. वर्षभर होती. नवीन माणूस आला की आधी पिशवीकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि विचारावं की नाही अशा पेचात पडायचा. धीर करून कोणी विचारलंच तर भाऊ मान वर न करता सांगायचे, "लेन्स आहे ते." पुढं काही नाही. माणूस मग आपल्या समजुतीनं निघून जायचा, आणि ती समजूत बहुधा भाऊंच्या डोक्याविषयी असायची.

भाऊ आमच्याकडचे सगळ्यांत जुने फोटोग्राफर. खेळांचे फोटो काढण्यात उभी हयात गेलेली. उंच, काटकुळे, घरचं मूळ उमरेडच्या विणकरांचं. मैदानावर पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि त्याच शर्टानं गोलपोस्टच्या मागं धुळीत पालथे पडायचे. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, रंगीत शर्ट घ्या म्हणून कितीदा तरी सांगून पाहिलं. भाऊंचं म्हणणं, रेफ्री नीट कपडे करून येतो, खेळणाऱ्या पोरी नीट कपडे करून येतात, मग आपणच काय म्हणून अवतारात जायचं? त्यांना विक्षिप्त म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. मीही म्हणत असे, आणि तोंडावर म्हणत असे.

माणसांची त्यांनी लेन्सांसारखी दोन प्रकारांत वाटणी केली होती, पसरट वाईड आणि लांबची टेली. आमचे मुख्य वार्ताहर वाईड, कारण त्यांना सगळं दिसतं आणि काहीच मोठं दिसत नाही. काकू टेली, कारण त्यांना एवढ्या घरात नेमका भाऊंचा ओला टॉवेलच दिसतो. मी कोण, असं एकदा विचारलं. म्हणाले, तू अजून झाकण लावलेली आहेस. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

उन्हाळ्यात त्यांचं तंत्र पाहण्यासारखं असायचं. नागपूरच्या गांधीबागेतून आणलेले दोन सुती दुपट्टे त्यांच्याजवळ असत. एक भिजवून स्वतःच्या डोक्याला बांधायचे, दुसरा भिजवून लेन्सला. लेन्सलाही लू लागते, असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. आणि मे महिन्यात भरदुपारची मॅच असली तर लांब पल्ल्याची लेन्स ते बॅगेतून काढायचेच नाहीत. मला हा आळस वाटायचा. एकदा हट्टानं काढलेले फोटो मी त्यांना दाखवले, तर सगळ्या खेळाडू थरथरत्या, कडा विरघळलेल्या. तापलेल्या जमिनीवरची हवा हलत असते आणि लांबची लेन्स ती हवाच आधी टिपते, हे मला तेव्हा कळलं. भाऊ फोटो बघून एवढंच म्हणाले की पोरी फुटाळा तलावाच्या पाण्याखाली बरं खेळून राहिल्या आहेत.

मॅचच्या आधी ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. संघ पळायला, वाकायला लागले की बाकावर बसून नुसतं बघायचे. कोण कोणत्या पायानं मारते, कोण मारण्याआधी केस मागं सारते, कोण चुकल्यावर खाली बघते आणि कोण आकाशाकडे. मग जागा निवडायची, आणि एकदा बसले की उठायचं नाही. मी मात्र बॉल जाईल तिकडे लेन्स फिरवत राहायची. एकदा त्यांनी लेन्सच्या तोंडावर सरळ तळहात ठेवला.

"सगळ्याइच्या मागं कायले फिरून राहिली वं? मोठ्या लेन्सनं मैदान दिसत नाही, एक माणूस दिसते. तो कोणता, ते आधी ठरव. मंग कॅमेरा उचल."

मला खेळाचं पान मिळालं होतं ते भांडून. आधी माझ्याकडे उद्घाटनं, वृक्षारोपणं आणि सत्कार असायचे. हार घातलेल्या माणसांचे फोटो काढून काढून मला झेंडूचा वास नकोसा झाला होता. त्यामुळे खेळ हातचा जाऊ द्यायचा नाही, एवढं एकच माझं त्या काळातलं ध्येय होतं, आणि ते मी लपवतही नसे.

त्यासाठी लेन्स लागते. आमच्याकडे एक लांबची झूम लेन्स होती, हलकी, सुटसुटीत, एका हातात मावणारी. हा हलकेपणाच तिच्या नशिबाला आडवा आला. आता नागपुरात लांब लेन्स दिसली की माणसाला वाघ आठवतो. जंगलं चहूबाजूंनी जवळ, आणि प्रत्येकाचा एक तरी मेहुणा रिसॉर्टवाला. आमच्या मॅनेजर साहेबांना तर वाघाचा ध्यासच होता. शनिवार आला की शिपायाच्या हातून निरोप यायचा, जरा ती लेन्स पाठवा. लेन्स शनिवारी जंगलात जायची आणि सोमवारी आतबाहेर धूळ घेऊन परत यायची. साहेब नाही गेले तर त्यांचे जावई जायचे. आणि मॅचेस असतात रविवारी.

मुलींच्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना अशाच एका रविवारी होता. लेन्स वाघाकडे गेलेली. भाऊंनी आणि मी छोट्या लेन्सवर तो सामना टिपला. एकुलता एक गोल झाला तो पलीकडच्या टोकाला, संध्याकाळी, दिवे लागता लागता. आमच्या फोटोत मुगाच्या दाण्याएवढ्या पोरी आणि बराचसा अंधार आला. दुसऱ्या दिवशी गोल करणाऱ्या मुलीचे वडील ऑफिसात आले. इतवारीच्या बाजारात त्यांची हातगाडी होती, गाडी खाली उभी करून वर आले होते. फोटो विकत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. भाऊंनी त्यांना बक्षीस घेतानाचा फोटो काढून दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि परत केला. म्हणाले, "कप तं सगळ्याइनंच धरला जी. तिनं मारला तवाचा पाह्यजे होता." भाऊंना त्यांना सांगता येईना की तवाचा फोटो नाही, कारण लेन्स वाघाकडे होती. ते गृहस्थ गेल्यावर भाऊ बशीतला चहा तसाच ठेवून खिडकीपाशी उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि साहेबांचा रागही आला. तो अजून आहे.

पुढं ती झूम लेन्स बिघडली, म्हणजे आतल्या धुळीनं बिघडायचीच ती बिघडली, आणि नवी घ्यायला मंजुरी मिळाली. कोणती घ्यायची ते भाऊंनी ठरवायचं. पर्याय दोनच होते. एक पुन्हा तसलीच हलकी झूम. दुसरी खरी खेळाची लेन्स, जिच्यात झूम नाही, तोंड मोठ्या डब्याएवढं, त्यामुळे दिवे मिणमिणते असले तरी उजेड भरपूर घेणारी. पण वजन तीन किलोंच्या वर, आणि कॅमेऱ्याचं वजन वेगळं.

मला हलकी हवी होती. कारण साधं होतं. भाऊंच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं, त्यानंतर लेन्स माझ्याकडे येणार होती, आणि साहेबांनी मला आधीच ऐकवलं होतं की जे सामान तुम्हाला उचलवत नाही त्याचं काम तुमच्याकडे कसं ठेवायचं. माझी उंची भाऊंच्या खांद्याला लागत नव्हती. जड लेन्स आली की खेळाचं पान एखाद्या धिप्पाड पोराकडे जाणार आणि मी पुन्हा झेंडूच्या वासात. हे मी भाऊंना स्पष्ट सांगितलं.

त्यावर भाऊ मला इतवारीत घेऊन गेले. त्यांच्या ओळखीच्या धान्यवाल्याच्या दुकानात त्यांनी खिशातून लेन्सच्या माहितीचा कागद काढला, वजन वाचलं आणि तेवढी तूरडाळ मोजायला सांगितली, वर पिशवीचं वजन त्यातून वजा करायला लावलं. दुकानदारानं विचारलं, वरणाले की पुरणाले. भाऊ म्हणाले, फोटोले. दुकानदार त्यांना ओळखून होता, त्यानं मुकाट्यानं डाळ भरली. पिशवी हातगाड्यांच्या गर्दीतून वाट काढत मीच उचलून आणली. भाऊ पुढं मोकळ्या हातांनी चालत होते आणि मला सांगत होते की लेन्स दुकानात डोळ्यानं पसंत पडते, पण ती खांद्यानं पसंत करायची असते.

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरला. चहा आला की मी पिशवी खुंटीवरून काढायची, डाव्या तळहातावर घ्यायची, डोळ्याशी आणायची आणि भाऊंचा चहा संपेपर्यंत धरायची. भाऊ चहा बशीत ओतून प्यायचे, फुंकर घालत. पहिल्या दिवशी पहिली बशी संपायच्या आत माझा हात खाली आला. ते उरलेला चहा प्यायले. पुढं त्यांनी मला कोपर बरगडीला टेकवायला शिकवलं, पाय किती फाकवायचे ते शिकवलं, श्वास कधी सोडायचा ते शिकवलं. मला बशी जमायला लागली तशी त्यांची फुंकर लांबत गेली. नंतर नंतर तर ते मध्येच बशी खाली ठेवून बातम्या वाचायला लागले. मी एकपायी स्टँडचं नाव काढलं. स्टँड असतोच की लेन्सखाली, मग हा तमाशा कशाला? तर म्हणे, मॅचमध्ये स्टँड धरेल, पण फाटकापासून गोलपोस्टपर्यंत काय स्टँड तुला पाठकुळी घेऊन जाणार आहे?

या सगळ्यात त्यांनी स्वतः ती पिशवी एकदाही हातात घेतली नाही. काढ वं, टांग वं, असे नुसते हुकूम. मला तो साहेबी थाट वाटायचा.

मग मिटिंग झाली. साहेब, संपादक, आम्ही दोघं. साहेबांनी हलक्या लेन्सची बाजू जोरात मांडली. ती सर्वांच्या सोयीची पडेल असं ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत वाघ दिसत होता. वर माझ्याकडे बघून त्यांनी बाईंचाही विचार केला पाहिजे असं जोडलं. मी होकार द्यायला तोंड उघडलं, तोच भाऊ बोलले.

"मले जड पाह्यजे, साहेब. माह्यासाठी. एक वर्ष राहिलं माहं. जाता जाता तेवढी हौस करून द्या."

एवढ्या वर्षांच्या माणसानं जाता जाता काही मागितलं, नाही कसं म्हणणार? संपादक विरघळले, साहेबांचा नाइलाज झाला. बाहेर आल्यावर ऑफिसात चर्चा झाली की म्हाताऱ्याला निवृत्तीच्या तोंडावर मिरवायची हौस आली. मलाही तसंच वाटलं. त्यांच्या वर्षभराच्या हौसेसाठी माझी पुढची सगळी वर्षं पणाला लागली होती. मी त्या दिवसापासून पिशवीला हात लावला नाही. भाऊ रोज चहा आल्यावर खुंटीकडे बघायचे आणि मी कॉम्प्युटरकडे. चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्याच हाताला चैन पडेना, म्हणून भाऊ बाहेर गेलेले पाहून मी पिशवी उचलली. वळते तो भाऊ दारात उभे. त्यांनी चहावाल्याला हाक मारली.

लेन्स आली, पांढरी, भलीमोठी, पेटीत निजवलेली. ऑफिसातल्या प्रत्येकानं तिच्यासोबत स्वतःचा फोटो काढून घेतला, लेन्स टेबलावर ठेवून. त्याच आठवड्यात मुलींची फुटबॉल लीग सुरू होत होती. आम्ही मैदानावर गेलो. पेटी मी उचलली, नेहमीप्रमाणे. भाऊंनी जागा निवडली, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ, मी स्टँड लावला, लेन्स चढवली आणि बाजूला झाले. म्हटलं, करा आता हौस.

भाऊ बाकावर बसले, दुपट्टा भिजवून त्यांनी पिळला आणि माझ्याकडे दिला. म्हणाले, "लाव तिले. अन् बस तू."

"तुम्ही नाही काढणार?"

"डावा हात खांद्याच्या वर जात नाही वं माहा. दीड वर्ष झालं." आणि मैदानाकडे बघत म्हणाले, "बापाचा उजवा गेला मागावर धोटा फेकू फेकू. माहा डावा गेला लेन्सखाली. दोघं मिळून एक माणूस पुरा होते."

मला तेव्हा एकेक आठवायला लागलं. बॅग नेहमी उजव्या खांद्याला. इतवारीतून मोकळे हात. कपाटाच्या वरच्या फळीवरचं काही हवं असलं की मला मारलेली हाक. माझे डोळे भरून आले, आणि त्याहून जास्त संताप आला. मला का नाही सांगितलं, म्हणून मी तिथंच, त्या बाकासमोर, भांडायला लागले. इतके दिवस मी तुमच्या नावानं खडे फोडतेय, आणि तुम्ही खुशाल फुंकर घालत बसता? भाऊंनी मला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाले, "तुले सांगतलं असतं तं तू मिटिंगमध्ये माह्या बाजूनं बोलली असती. साहेबाले समजलं असतं का लेन्स कोणासाठी घेऊन राहिला हा. मंग त्यानं तुह्या सोयीसाठी हलकी घेतली असती, अन् तुह्या सोयीची लेन्स दर शनिवारी जंगलात गेली असती." पुढं म्हणाले, "हलकी लेन्स ऑफिसची राह्यते वं. जड लेन्स वागवते त्याची राह्यते. आता बस खाली, टॉस होऊन राहिला."

मी बसले. दोन्ही संघ नीट बघितले नव्हते, भांडणात वेळ गेला होता, म्हणून कोण निवडायची ते भाऊंनीच सांगितलं. तीच होती, हातगाडीवाल्यांची मुलगी. उजव्या पायानं मारते, मारण्याआधी खालचा ओठ चावते. दिवे लागल्यावर तिनं गोल केला. ओठ चावलेला, पाय हवेत, बॉल बुटापासून वीतभर सुटलेला, आणि मागं सगळा अंधार मऊ. तो फोटो भाऊंनी स्वतः नेऊन दिला, इतवारीत, गाडी शोधत. पैसे देऊ केले ते घेतले नाहीत, पण संत्री घेतली, आणि ती सगळी एकट्यानं खाल्ली.

त्या वर्षात भाऊंनी त्या लेन्सनं एकही फोटो काढला नाही. मात्र ऑफिसात कोणी विचारलं की काय भाऊ, झाली का हौस, तर मिशीत हसून म्हणायचे, लय झाली. मिरवणारा म्हातारा ही पदवी त्यांनी शेवटपर्यंत निभावली. ते निवृत्त झाले त्या दिवशी खुंटीवरची पिशवी मी काढली आणि त्यांच्या घरी पोचवली. काकूंनी वर्षभर लटकलेली डाळ पाहून कपाळाला हात लावला. डाळीत पोरकिडे झाले होते. त्यांनी ती गच्चीवर उन्हात पसरली, पाखडली, निवडली आणि रविवारी सगळ्या फोटो विभागाला जेवायला बोलावलं. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या. भाऊंनी पहिला घास घेतला आणि डाळ शिजल्यावर हलकी लागते अशी तक्रार केली. काकू म्हणाल्या, मग कच्चीच खायची होती.

साहेबांनी महिनाभर कळ काढली. मग एका शनिवारी स्वतः फोटो विभागात आले, जंगलाचे हिरवे कपडे घालूनच. म्हणाले, आता भाऊ नाहीत, तर ती मोठी लेन्स घेऊन जातो, उद्या वाघीण पिल्लांसकट दिसते आहे म्हणतात. मी चहा पीत होते. हो हो, न्या की, मी म्हणाले, आणि कपाट उघडून दिलं. उघड्या जीपमध्ये स्टँड रोवता येत नाही, हातावरच धरावी लागेल, तेव्हा एकदा धरून बघा, एवढं सुचवलं. साहेब दणकट माणूस. त्यांनी लेन्स कॅमेऱ्यासकट उचलली, डोळ्याला लावली आणि खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या कबुतरांवर रोखली. मी चहा बशीत ओतला.

संध्याकाळी भाऊंना फोन केला आणि साहेब लेन्स न्यायला आले होते म्हणून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "कोणत्या बशीले ठेवली खाली?"

"पहिल्याच."

"आता कुठी आहे?"

"कपाटात."

ते आपले हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि मग उद्यासाठी दुपट्टा भिजवून ठेवतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मुलींची मॅच होती. सकाळी मी कपाट उघडलं. लेन्स जागेवर होती.